गोड वाइन: बुरशीची करामत आणि शिशाचा शाप

"डॉक्टर, वाइनमध्ये साखर असते का?" मधुमेहाचे बरेच रुग्ण हा प्रश्न जरा दबक्या आवाजात विचारतात. नेहमीच्या कोरड्या वाइनपुरतं उत्तर सोपं आहे: फारशी नसते. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि तिचं अल्कोहोल करतं. साखर संपली की यीस्टचं काम संपतं आणि वाइन कोरडी होते.

पण मग गोड वाइन गोड कशी राहते? यीस्टने साखर शिल्लक का ठेवली? या साध्या प्रश्नामागे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. त्यात राजेरजवाडे आहेत, तुरुंगात जाऊन आलेली एक तरुण विधवा आहे, जर्मन मठातले आजारी साधू आहेत आणि शेवटी आपल्या मुंबईतलं जे. जे. रुग्णालयही आहे. आज त्यातल्या सर्वांत मानाच्या गोड वाइनबद्दल, म्हणजे फ्रान्समधल्या सोटर्नबद्दल बोलू. गोडी आणण्याचा खरा मार्ग किती खर्चिक आहे आणि तो टाळणाऱ्यांनी लोकांना काय काय पाजलं, हे त्यातून कळतं.

आधी थोडं गणित. रसाच्या एका लिटरमध्ये साधारण १७ ग्रॅम साखर असली की तिच्यापासून १ टक्का अल्कोहोल बनतं. चांगल्या पिकलेल्या द्राक्षाच्या रसात लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे वाइन होईल १२ टक्क्यांची आणि कोरडी. आता समजा, रसात ३५० ग्रॅम साखर असेल तर? अल्कोहोल १३-१४ टक्क्यांपर्यंत पोचलं की यीस्ट थकतं. स्वतःच तयार केलेल्या अल्कोहोलमध्ये त्याला जगणं कठीण होतं. उरलेली शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर तशीच राहते. म्हणजे खरा प्रश्न असा की द्राक्षात एवढी साखर आणायची कुठून?

उत्तर आहे: पाणी काढून. आपल्याकडे तासगावला बेदाणा होतो, तसं द्राक्ष सुकवलं की गोडी घट्ट होते. ग्रीक आणि रोमन लोक द्राक्षं उन्हात सुकवून गोड वाइन करत. सोटर्नमध्ये मात्र सुकवण्याचं काम ऊन करत नाही. ते काम एक बुरशी करते.

शिशाची साखर

सोटर्नला जाण्याआधी रोमला जायला हवं. रोमन लोकांना गोडाचा भारी सोस होता आणि ऊस त्यांच्याकडे नव्हता. ते द्राक्षाचा रस आटवून काकवीसारखा पाक करत आणि आंबट वाइनमध्ये मिसळत. हा पाक कशात आटवायचा? तांब्याच्या भांड्यात नको, शिशाच्या भांड्यात आटवा, असा सल्ला प्लिनी आणि कोलुमेला या रोमन लेखकांनी दिला आहे. त्यांच्या जिभेच्या दृष्टीने तो बरोबरच होता. आंबट पदार्थ शिशाला लागला की त्यातून लेड ॲसिटेट नावाचा क्षार बनतो आणि तो चवीला चक्क गोड असतो. रसायनशास्त्रात त्याचं जुनं नावच 'शिशाची साखर' असं आहे. शिवाय तो जंतूंनाही मारतो, त्यामुळे वाइन लवकर बिघडत नाही. एकाच वस्तूने गोडीही आली आणि टिकाऊपणाही आला, मग व्यापाऱ्याला आणखी काय हवं!

रोमन साम्राज्य गेलं, ही युक्ती उरली. पुढची अनेक शतकं युरोपातले काही व्यापारी आंबलेल्या, पातळ वाइनमध्ये मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड टाकत राहिले. पिणाऱ्यांच्या पोटात असह्य कळा येत, शौचाला होत नसे, चेहरा पांढराफटक पडे, मनगटं लुळी पडत, काहींना भ्रम होई. फ्रान्समधल्या प्वातू प्रांताच्या नावाने हा पोटशूळ ओळखला जाई. तिथल्या फ्रान्स्वा सित्वा या वैद्याने १७ व्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन लिहून ठेवलं, पण कारण मात्र त्याच्या हाती लागलं नाही.

ते लागलं जर्मनीतल्या उल्म शहरातल्या एबरहार्ड गॉकेल या डॉक्टरला, १६९० च्या दशकात. त्याच्या देखरेखीखालच्या मठांत साधू या पोटशूळाने आजारी पडत होते. गॉकेलने एक साधी गोष्ट टिपली: जे साधू वाइन पीत नव्हते, ते ठणठणीत होते. साथरोगशास्त्राचं पहिलं पाऊल आजही हेच असतं, आजारी आणि निरोगी यांच्यात फरक काय ते पाहा. पुढे वाइन 'सुधारण्याची' कृती त्याने एका व्यापाऱ्याकडून मिळवली. तीत मुरदाडशिंग होतं. ते वापरून त्याने टाकाऊ, आंबट वाइन स्वतः गोड करून पाहिली आणि कोडं सुटलं. १६९६ मध्ये व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने वाइनमध्ये शिसं घालणाऱ्याला मृत्युदंड जाहीर केला. तरीही हा प्रकार थांबला नाही. वाइनमधलं शिसं ओळखण्याची एक चांगली रासायनिक चाचणी जवळजवळ शंभर वर्षांनी, १७८८ मध्ये आली. ती शोधणाऱ्याचं नाव वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल: सॅम्युएल हानेमान, होमिओपॅथीचे जनक. त्यांच्या औषधपद्धतीबद्दल माझं मत काहीही असो, या चाचणीचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

थंड नदी, कोमट नदी

आता फ्रान्सच्या नैर्ऋत्येला जाऊ. बोर्दो शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर सोटर्न, बारसाक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक अशी पाच गावं आहेत. या पाच गावांतली गोड वाइनच सोटर्न म्हणून विकता येते. इथे सिरों नावाची एक छोटी नदी गारोन या मोठ्या नदीला मिळते. सिरों घनदाट झाडीतून येते, म्हणून तिचं पाणी गार असतं. गारोनचं पाणी त्या मानाने कोमट. शरद ऋतूत दोन्हींच्या संगमावर रात्री धुकं धरतं आणि सकाळी द्राक्षबागांवर पसरतं. दुपारी ऊन पडलं की ते विरतं.

ही सकाळची ओल आणि दुपारचं ऊन 'बॉट्रायटिस सिनेरिया' या करड्या बुरशीला फार मानवतं. एरवी ही बुरशी शेतकऱ्याची शत्रू आहे. स्ट्रॉबेरीवर जी राखाडी लव चढते ती हीच. सतत पाऊस पडत राहिला तर ती द्राक्षाचा घड सडवून टाकते. पण पिकलेल्या द्राक्षावर, ओल आणि कोरडेपणा आलटून पालटून मिळाला, तर ती वेगळीच वागते. तिचे तंतू सालीला सूक्ष्म भोकं पाडतात. त्यांतून पाणी उडून जातं, मणी तपकिरी होतो, मग जांभळट होऊन सुरकुततो. फ्रेंच लोक याला 'उदात्त कूज' म्हणतात. नाव ऐकून हसू येतं, पण ते योग्यच आहे.

हे निव्वळ सुकणंही नव्हे. बुरशी द्राक्षातली थोडी साखर आणि बरंच आम्ल स्वतः खाते आणि बदल्यात काही नवे पदार्थ सोडते. त्यांतला एक म्हणजे ग्लिसरॉल, आपल्या बोलीतलं ग्लिसरीन. या वाइनला जिभेवर जो मऊ दाटपणा जाणवतो त्यात साखरेबरोबर त्याचाही वाटा असतो. ग्लिसरीन हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

जाता जाता एक वैद्यकीय टीप. ही बुरशी वाइनसाठी उदात्त असली तरी फुप्फुसांसाठी तशी नाही. बुरशी आलेली द्राक्षं हाताळणाऱ्या काही मजुरांना तिचे बीजाणू श्वासात जाऊन ॲलर्जीमुळे फुप्फुसाचा दाह होतो. वैद्यकीय ग्रंथांत 'द्राक्षबागायतदाराचं फुप्फुस' अशा नावाने तो नोंदलेला आहे. कबुतरं पाळणाऱ्यांना किंवा कुजका कडबा हाताळणाऱ्यांना होणाऱ्या आजाराचाच हा भाऊ.

एका वेलीमागे एक पेला

अडचण अशी की बुरशी सगळ्या घडांवर एकदम येत नाही. एकाच घडात चार मणी सुरकुतलेले, दहा नुसते पिकलेले आणि दोन सडलेले असू शकतात. म्हणून मजूर त्याच बागेत पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतात आणि दर वेळी फक्त तयार मणी कात्रीने काढतात. हे काम सप्टेंबरअखेरीपासून काही वर्षी नोव्हेंबरपर्यंत चालतं. मध्येच मोठा पाऊस आला तर सगळं मातीमोल. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला अवकाळी पावसाची धास्ती काय असते हे सांगायला नको. इथे तर ती धास्ती मुद्दाम ओढवून घेतलेली असते.

सुरकुतलेले मणी दाबले की थोडासाच, मधासारखा दाट रस निघतो. तो ओक लाकडाच्या पिंपांत सावकाश आंबतो आणि वाइन तिथेच दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त मुरते. द्राक्षं तीन जातींची: सेमियों प्रामुख्याने, जोडीला सोव्हिन्यों ब्लां आणि किंचित मुस्कादेल. सेमियोंची साल पातळ असते, बुरशीला सोयीची.

इथल्या सर्वांत नामांकित मळ्याचं नाव शातो दिकेम. तिथे उत्पादनाचा हिशेब सांगतात तो असा: एका वेलीमागे एक पेला. बोर्दोमधल्या चांगल्या तांबड्या वाइनच्या वेलीतूनही याच्या कितीतरी पट माल निघतो. आणि ज्या वर्षी द्राक्षं मनासारखी झाली नाहीत, त्या वर्षी दिकेमच्या नावाने गोड वाइन काढलीच जात नाही. १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२, २०१२ ही अशी काही वर्षं. अख्ख्या वर्षाचं उत्पन्न सोडून द्यायचं, पण बाटलीवर नाव घालायचं नाही!

शोध कुणाचा?

बुरशी आलेली द्राक्षं वापरण्याची कल्पना कुणाला सुचली याच्या गोष्टी ठिकठिकाणी आहेत आणि सगळ्या एकाच साच्यातल्या आहेत. जर्मनीतल्या योहानिसबर्गमध्ये म्हणे १७७५ मध्ये तोडणीची परवानगी आणणारा घोडेस्वार उशिरा आला. हंगेरीच्या टोकाय भागात तुर्कांच्या हल्ल्याच्या भीतीने तोडणी लांबली. सोटर्नमध्ये एका मालकाने १८३६ मध्ये पाऊस थांबायची वाट पाहिली, तर दिकेममध्ये १८४७ साली मालक रशियातून परतायला उशीर झाला. दर वेळी उशीर, मग कूज, मग नाइलाज आणि शेवटी अमृत.

मला या गोष्टी खऱ्या वाटत नाहीत. टोकायच्या अशा वाइनचा उल्लेख १६ व्या शतकातल्या कागदांत सापडतो आणि सोटर्न भागात तोडणी मुद्दाम उशिरा करण्याची पद्धत १७ व्या शतकापासूनची आहे. माझा अंदाज साधा आहे: आम्ही कुजक्या द्राक्षांची वाइन करतो, असं गिऱ्हाइकाला उघड सांगण्यापेक्षा योगायोगाची गोष्ट सांगणं केव्हाही सोयीचं होतं.

या वाइनला बाजारपेठ दिली ती डच व्यापाऱ्यांनी. १७ व्या शतकात त्यांना गोड, पांढरी वाइन हवी होती आणि ती जहाजावर टिकायलाही हवी होती. त्यासाठी ते रिकाम्या पिंपात गंधकाची वात जाळत. गंधकाचा धूर जंतूंना मारतो आणि शिल्लक साखर पुन्हा आंबायला लागण्याची भीती कमी करतो. टिकाऊपणासाठी शिशाऐवजी गंधक वापरणं हा आरोग्याच्या दृष्टीने मोठाच फायदा होता, भले तो व्यापाराच्या गरजेतून झाला असेल.

दिकेमचं नाव मात्र एका बाईने मोठं केलं. फ्रान्स्वाज जोसेफिन द सोवाज दिकेम हिचं लग्न १७८५ मध्ये लूर-सालूस घराण्यात झालं. तीनच वर्षांत नवरा वारला. वयाच्या विशीत मळा तिच्या अंगावर आला आणि वर्षभरात राज्यक्रांती सुरू झाली. ती सरदार घराण्यातली, त्यामुळे दोनदा तुरुंगात गेली, पण मळा तिने हातचा जाऊ दिला नाही. पुढे १८२६ मध्ये तिने तिथे वाइन मुरवण्यासाठी मोठं तळघर बांधलं, त्या काळी हे धाडसच होतं. तिच्या नवऱ्याच्या हयातीत टॉमस जेफरसन या अमेरिकन वकिलाने, जो नंतर राष्ट्राध्यक्ष झाला, १७८४ च्या वाइनच्या २५० बाटल्या मागवल्या होत्या. तिच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १८५५ च्या प्रसिद्ध प्रतवारीत, दिकेमला इतर सर्व गोड वाइनच्या वर एकट्याचं वेगळं स्थान मिळालं. १८५९ मध्ये रशियाच्या ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटिनने १८४७ च्या एका मोठ्या पिंपासाठी, म्हणजे ९०० लिटरसाठी, २० हजार सोन्याचे फ्रँक मोजले.

गोडीची नक्कल

किंमत अशी चढली की नक्कल आलीच. त्यातला सर्वांत वाईट प्रकार फार जुना नाही. ऑस्ट्रियातही उशिरा तोडलेल्या द्राक्षांची सुरेख गोड वाइन होते आणि जर्मनीच्या दुकानांत तिला स्वस्तात मागणी होती. एवढी द्राक्षं दर वर्षी तशी पिकणं शक्य नव्हतं. जुलै १९८५ मध्ये उघडकीला आलं की काही उत्पादकांनी पातळ वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल घातलं होतं. हा औद्योगिक पदार्थ चवीला गोड असतो आणि तोंडात दाटपणा आणतो. बुरशी जे काम ग्लिसरॉलने महिनोन् महिने करते, ते यांनी डब्यातून ओतून एका दिवसात उरकलं. लक्षावधी लिटर वाइन नष्ट करावी लागली. सुदैवाने कुणाचा मृत्यू झाल्याची नोंद नाही.

सुदैवाने म्हणतो, कारण हे द्रव्य मूत्रपिंडाचा घात करतं. यकृतात त्याचं आम्ल बनतं, ते मूत्रपिंडाच्या पेशी मारतं, लघवी बंद होते आणि पुढे मज्जासंस्था बिघडते. १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रवात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभरावर माणसं दगावली. मग तिथे नव्या औषधाची सुरक्षितता विक्रीआधी सिद्ध करण्याचा कायदा झाला.

ऑस्ट्रियाच्या प्रकरणाला वर्ष होण्याआधीच, १९८६ च्या सुरुवातीला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी तोंडाने ग्लिसरीन देण्याची तेव्हा पद्धत होती. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदी आणि तपासणीतल्या बेफिकिरीवर आणि भ्रष्टाचारावर कडक ताशेरे ओढले. एका बाजूला चैनीची वाइन, दुसऱ्या बाजूला सरकारी रुग्णालयातलं औषध. विष एकच, आणि ते आत शिरण्याचं कारणही एकच: दिसायला, चवीला सारखं आणि पैशाला स्वस्त. २०२२ मध्ये गांबियातली लहान मुलं खोकल्याच्या औषधाने दगावली, त्या औषधांतही हेच द्रव्य सापडलं.

पेल्यात नक्की काय असतं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. सोटर्नच्या एका लिटरमध्ये साधारण १२० ते १५० ग्रॅम साखर असते. जेवणानंतर देतात त्या ७५ मिलिलिटरच्या छोट्या पेल्यात ९ ते ११ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे किंवा थोडी जास्त. अल्कोहोल साधारण ८ ग्रॅम. दोन्ही मिळून शंभराच्या आसपास कॅलरी. मधुमेहात एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही: साखर रक्तात लगेच चढते, पण अल्कोहोल यकृताला साखर सोडण्यापासून अडवतं. त्यामुळे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर काही तासांनी, बऱ्याचदा झोपेत, एकदम उतरू शकते. 'गोड आहे, म्हणजे साखर उतरणार नाही' हा समज धोक्याचा.

आणि 'वाइन हृदयाला चांगली' या समजापोटी कुणी सुरुवात करणार असेल तर करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. वाइन, मग ती कितीही उदात्त असो, त्याला अपवाद नाही.

दमेकऱ्यांसाठी गंधकाचं सांगायलाच हवं. शिल्लक साखर पुन्हा आंबू नये म्हणून सोटर्नसारख्या वाइनमध्ये सल्फाइट जास्त लागतं. युरोपीय नियमानुसार कोरड्या तांबड्या वाइनमध्ये लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत, तर सोटर्नमध्ये ४०० पर्यंत चालतं. काही दमेकऱ्यांना त्याने छाती भरून येते.

परदेशातल्या नातेवाइकांनी जुनी बाटली भेट दिली असेल तर आणखी एक गोष्ट. १९९० च्या दशकापर्यंत बाटलीच्या तोंडावरची टोपी बऱ्याचदा शिशाच्या पत्र्याची असे. ती गंजून काचेच्या काठावर शिशाचा थर बसतो. टोपी पूर्ण काढून, बुचाभोवतीचा काठ ओल्या फडक्याने नीट पुसून मगच ओतावी. आणि उरलेली वाइन क्रिस्टलच्या नक्षीदार सुरईत साठवून ठेवू नये. त्या काचेत शिसं असतं, आणि आंबट वाइन ते दिवसागणिक ओढून घेत राहते.